पेवात उतरलेला धाकटा: एका कल्पनारम्य कादंबरीचं प्रकरण

हस्तलिखित हाती आलं तेव्हा त्याला चारशेच्या वर पानं होती. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन जुळे भाऊ, एक मांत्रिक, तीन शतकांतल्या फेऱ्या आणि हरिपुरातलं हळदीचं एक पेव (हळद साठवायचा जमिनीतला खड्डा), असा ऐवज. लेखक सांगलीचाच, तिशीतला, घरची मार्केट यार्डात हळदीची अडत. पहिलंच पुस्तक. संपादनासाठी ते माझ्याकडे आलं आणि पुढं जे घडलं ते इथं तपशिलानं मांडतो आहे, कारण मराठीत अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्यांच्या बऱ्याच अडचणी या एकाच प्रकरणात सापडतात. लेखकाची परवानगी आहे. नाव नको म्हणाला, म्हणून नाव नाही. कादंबरीतल्या भावांनाही मी थोरला आणि धाकटा एवढंच म्हणणार आहे. दोघांत अंतर आठ मिनिटांचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या खर्ड्यात जादू भरपूर होती, पण ती फुकट होती. कुणालाही तिच्यासाठी काही मोजावं लागत नव्हतं, आणि म्हणून भावांचं वैरही फुकटचं वाटत होतं. जादूला भाव लावायचा कसा आणि तो कुणाच्या खिशातून वसूल करायचा, यावर पुढचं सगळं काम झालं.

मूळ खर्डा

कथा थोडक्यात अशी. हरिपुरातलं हळदकरी कुटुंब, वडिलोपार्जित नऊ एकर. आई जुळ्यांच्या बाळंतपणातच गेलेली. थोरली बहीण १९७२ ची, लग्न १९९२ मध्ये. जुळे १९८२ चे. २००५ च्या पुरात वडील, म्हणजे अण्णा, पेवातली हळद काढायला उतरतात आणि परत येत नाहीत. त्यानंतर भावांचं बोलणं बंद. थोरला गावात राहतो, धाकटा पुण्याला कंपनीत लागतो. अकरा-बारा वर्षांनी धाकट्याला एक पोथी सापडते, मंत्र म्हटला की पेवातून भूतकाळात जाता येतं. मग तो १८४३ मध्ये जातो, १९१४ च्या पुरात जातो, २००५ मध्ये जातो, आणि दर वेळी चहा निवायच्या आत परत येतो. शेवटी उलगडतं की भावांत वैर लावलं ते एका मांत्रिकानं, भानामती करून. मांत्रिक मरतो, भाऊ गळ्यात पडतात.

यातला मांत्रिक पहिल्या बैठकीतच गेला. कारण वाङ्मयीन होतंच. भानामतीनं वैर आलं असेल तर दोघांचाही दोष उरत नाही, आणि दोषच नाही तर समेट कशाचा? पण दुसरं कारण या भागाचं आहे. सातारा-सांगली हा नरेंद्र दाभोलकरांचा मुलूख. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. इथल्या वाचकाला भानामती हा शब्द परीकथेतला वाटत नाही, पोलीस ठाण्यातला वाटतो. कादंबरीत ती खरी दाखवायची तर लेखकानं तेवढी जबाबदारी घ्यायला हवी, आणि या कथेला तिची गरजच नव्हती. लेखक थोडा कुरकुरला. मांत्रिकाच्या संवादांवर त्याचा फार जीव होता. (संवाद खरंच चांगले होते. वाईट माणसांना चांगले संवाद सुचतात, ही नवशिक्यांची जुनी अडचण.)

पेव

खर्ड्यात सगळ्यात मोलाची गोष्ट होती ती पेव, आणि तिला लेखकानं दीड पान दिलं होतं. घरचीच वस्तू, म्हणून तिचं अप्रूप नाही. मी त्याला म्हटलं, जे तुला सांगण्यासारखं वाटत नाही तेच आधी सांग.

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, सांगलीला लागून असलेलं गाव. ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव म्हणून नाटकवाले ओळखतात. व्यापारी ओळखतात ते पेवांसाठी. जमिनीत खोल खणलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट रांजणासारखं सुटलेलं. खालून-बाजूंनी पाला-चटयांचं अस्तर द्यायचं, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. तिथली माती अशी की आत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही, रंग उतरत नाही. २००५ च्या पुरात ही पेवं पाण्याखाली गेली, आणि त्यानंतर माल गोदामांत ठेवण्याकडेच कल वळला.

पेव उघडण्याची एक शिस्त आहे आणि सगळी कादंबरी त्या शिस्तीवर उभी राहिली. बंद पेवात हवा कोंडलेली असते. प्राणवायू संपलेला आणि कर्बवायू, तो हवेपेक्षा जड असल्यानं, तळाशी साचलेला. म्हणून तोंड उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. पेव मोकळं सोडायचं. मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत तगली तर माणूस उतरणार. विझली तर थांबायचं.

मूळ खर्ड्यात अण्णा पुराच्या पाण्यात बुडून जातात. मी विचारलं, पाणी यायच्या आधी, घाईत, मोकळं न सोडता पेवात उतरलं तर काय होईल? लेखक जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्यात असं झालेलं ऐकलंय.” दोन आठवड्यांनी जे पान आलं त्यातला हा तुकडा. वेळ जुलै २००५ च्या अखेरची, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी धोक्याच्या ४५ फुटांच्या पुढं गेलेलं (शेवटी ते ५३ च्याही वर गेलं), आणि गावात वारणेचं पाणी शिरायला लागलेलं:

“कंदील सोडलास?”

“सोडलाय की.”

“मग इझला कसा?”

“वाऱ्यानं.”

अण्णांनी वर आभाळाकडं बघितलं, मग पेवाच्या तोंडाकडं. काही बोलले नाहीत. धोतर खोचलं आणि दोर मागितला.

या चार ओळींनी मांत्रिकाची शंभर पानं अनावश्यक ठरवली. पेवात वारा नसतो. धाकट्याला ते माहीत आहे, कारण तो हळदकऱ्याचा पोरगा आहे. त्याला लवकर आटपून निघायचं होतं एवढंच. दोर धरून उभा असलेल्या थोरल्यालाही माहीत आहे, आणि तो बोलला नाही. अण्णांना तर सगळ्यात जास्त माहीत आहे, पण आत वर्षाची कमाई आहे आणि पाणी चालून येतंय. तिघांनीही एक खोटं ऐकलं आणि चालवून घेतलं. वैर इथं आहे. धाकट्याला वाटतं थोरल्यानं दोर सोडून मला आडवायला हवं होतं, थोरल्याला वाटतं धाकट्यानं खरं बोलायला हवं होतं, आणि दोघांनाही हे मोठ्यानं म्हणता येत नाही, कारण म्हटलं की आपलाही वाटा कबूल होतो. अण्णा खाली गेले, दोर ढिला पडला, दोघं माणसं बोलवायला धावले. परत येईपर्यंत त्या पट्ट्यात पाणी. देह मिळाला नाही. पालाशविधी (देहाऐवजी पुतळ्यावर अंत्यसंस्कार) करून दिवस घातले.

दार कधी उघडतं

आता काळाचं दार. पोथी-मंत्र वाचकाला पुरत नाहीत, कारण मंत्र केव्हाही म्हणता येतो. मी लेखकाला अट घातली की दार उघडण्याचं कारण आभाळात नाहीतर पंचांगात असलं पाहिजे, त्याच्या सोयीत नाही.

कृष्णाकाठच्या माणसाला हे सुचवावं लागत नाही. गुरू कन्या राशीत आला की कृष्णेचं कन्यागत पर्व लागतं, वाईपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत घाट गजबजतात, आणि श्रद्धा अशी की त्या वर्षी गंगा कृष्णेला भेटायला येते. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात भागीरथीचा झरा बारा वर्षांनी वाहतो म्हणतात, तोही याच हिशेबातला. नदी जर दुसऱ्या नदीला भेटायला येऊ शकते, तर एक वर्ष मागच्या वर्षाला का भेटू नये? लेखकाचंच वाक्य आहे, मी फक्त जागा दाखवली.

आणि पंचांग काढून बसल्यावर नशिबानं साथ दिली. ऑगस्ट २००४ ते सप्टेंबर २००५ गुरू कन्येत होता. म्हणजे २००५ चा पूर कन्यागतातला. पुढचं कन्यागत ऑगस्ट २०१६ ला लागलं. दार एका कन्यागताच्या आरंभातून मागच्या कन्यागताच्या आरंभात उघडतं, असा नियम केला तर धाकटा २०१६ मध्ये उतरणार आणि पुराच्या अकरा महिने आधी, ऑगस्ट २००४ मध्ये वर येणार. ओढाताण न करता सगळं बसलं.

किंमत अर्थातच मोजावी लागली. गुरूची फेरी पूर्ण बारा वर्षांची नसते, सुमारे ११.८६ वर्षांची असते. त्यामुळं बाराच्या पाढ्यानं मागं मोजत गेलात तर सात फेऱ्यांत एक वर्ष घसरतं. १९१४ मध्ये कन्यागत नव्हतं, म्हणून तो पूर गेला. १८४३ मध्ये तर गुरू कन्येच्या आसपासही नव्हता, आणि तिथं लेखकाचं सगळ्यात लाडकं प्रकरण होतं: सांगलीच्या दरबारात विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ चाललंय आणि धाकटा मागं उभा राहून बघतोय. प्रकरण देखणं होतं. त्यात कथेचं काही घडत नव्हतं. “एवढं एक राहू द्या की,” असं तो पुढं बरेच दिवस म्हणत होता. मी म्हटलं, एका प्रकरणासाठी गुरू हलवलास तर वाचक पुढच्या कुठल्याच प्रकरणावर विश्वास ठेवणार नाही. आता त्याची स्वतंत्र कथा होते आहे, तिथं ती जास्त शोभते.

परतीचं भाडं

मूळ खर्ड्यात प्राध्यापक असलेलं एक पात्र आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर चार पानं बोलत होतं. जुळ्यांचा प्रसिद्ध विरोधाभास त्यात आलेला: आइन्स्टाइनचा सिद्धांत १९०५ चा, प्रवासी आणि घरी राहिलेल्यांच्या वयातल्या फरकाचा दाखला पॉल लान्जव्हँ यांनी १९११ मध्ये दिला, पुढं तो जुळ्या भावांच्या नावानं रूढ झाला. एक जुळा प्रकाशाच्या ८० टक्के वेगानं जाऊन परत आला, तर घरच्याची १० वर्षं होतात आणि याची ६. व्याख्यान काढून टाकलं. पण त्यात एक रत्न होतं, आणि ते लेखकानं नुसतं माहिती म्हणून ठेवलं होतं: जुळ्यांना वेगळं करायचं असेल तर त्यांचं वय वेगळं करा.

जुळ्यांकडं सामायिक असं काय असतं? घर वाटता येतं, जमीन वाटता येते, बाप गेला की बापही दोघांचा वेगवेगळा होतो. जन्मवेळ तेवढी वाटता येत नाही. मग जादूनं तीच घ्यावी. मी सुचवलं ते एवढंच की दार मागं जातं, पुढं येत नाही. परत यायचं तर जगून यायचं. चौतिसाव्या वर्षी उतरलेला धाकटा २००४ मध्ये वर येईल तेव्हाही चौतीसच, आणि बारा वर्षं काढून पुन्हा २०१६ ला पोचेल तेव्हा शेहेचाळीस. थोरला मात्र चौतीसच. आठ मिनिटांनी धाकटा असलेला भाऊ बारा वर्षांनी मोठा होऊन दारात उभा राहील.

या एका नियमानं फेऱ्यांची मजा संपली आणि कादंबरी सुरू झाली. आता त्या बारा वर्षांत हरिपुरात-सांगलीत दोन नव्हे, तीन भाऊ आहेत: बावीस वर्षांचे दोघं आणि चौतीस वर्षांचा एक परका माणूस. तो परका माणूस पैसे कुठून आणणार? मूळ खर्ड्यात तो पाचशेच्या नोटांची चळत घेऊन जातो. २०१६ च्या नोटेच्या मागं छपाईचं साल असतं, ते छापायला सुरुवातच २००५ मध्ये झाली. रुपयाचं नवं चिन्ह २०१० चं. ऑगस्ट २००४ मध्ये वाण्यानं ती नोट उलटून बघितली तर हा थेट चौकीत. मग लेखकानं त्याला आईच्या पाटल्या घेऊन पाठवलं. त्यावरून बहिणीचा विषय निघतो, तो पुढं येईलच.

आधारचं तर आणखी गमतीचं. २०१० नंतर सगळा देश ठसे देतोय आणि याला देता येत नाहीत, कारण त्याच बोटांची नोंद पुण्यातल्या धाकट्यानं आधीच केलेली आहे. इथं लेखकाचा एक गैरसमज निघाला. जुळ्यांचे ठसे सारखे असतात असं धरून त्यानं पूर्वी एक कुलूप उघडलं होतं. ठसे गर्भात घडताना प्रत्येकाचे वेगळे होतात, एकाच बीजाचे जुळे असले तरी. म्हणजे थोरल्याचा आणि धाकट्याचा अंगठा जुळणार नाही, पण दोन्ही धाकट्यांचा तंतोतंत जुळेल. चूक दुरुस्त करताना ओळख पटवण्याचा मार्ग आयताच मिळाला. २०१६ मध्ये दारात उभ्या असलेल्या पिकल्या मिशांच्या माणसाला थोरला “कोण पाहिजे तुम्हाला?” असं विचारतो. चहा देतो, अहो-जाहो करतो. माणूस म्हणतो, तुमच्याकडं २००६ चं हक्कसोडपत्र आहे ते काढा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेल्या त्या कागदावर लिहून देणार म्हणून बहिणीचा आणि लिहून घेणार म्हणून दोघा भावांचा अंगठा आहे. माणूस शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतो, शेजारी उठवतो. थोरला दोन्ही ठसे उजेडाकडं धरून बघत राहतो, आणि त्या पानावर पहिल्यांदा “तू” येतं.

मला या कादंबरीतलं सगळ्यात आवडलेलं पान हेच.

अण्णा वाचले तर

आता मुख्य गाठ. धाकटा गेलाय अण्णांना वाचवायला. वाचवलं तर काय होईल? वाचले तर वैर नाही, वैर नाही तर २०१६ मध्ये उतरायचं कारण नाही, उतरला नाही तर वाचवणार कोण? या चक्रातून सुटायच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक तर प्रत्येक बदलानं वेगळं विश्व फुटतं असं मानायचं. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी मांडलेल्या अनेक-विश्वांच्या कल्पनेवर कथाकार बरेच जगले आहेत. नाहीतर इगोर नोविकोव्ह यांनी १९८० च्या दशकात मांडलं तसं: जे घडलंय त्याच्याशी विसंगत असं काही घडूच शकत नाही, प्रवासी आला तरी तो त्याच घडलेल्याचा भाग असतो. लेखकाच्या नवव्या प्रकरणात पहिली वाट होती आणि चौदाव्यात दुसरी.

मी दुसरीच्या बाजूनं होतो. अनेक विश्वं आली की जादू पुन्हा फुकट होते. एका विश्वात बाप गेला तर दुसऱ्यात आहेच. दुसऱ्या वाटेला लेखकाचा आक्षेप होता, आणि तो रास्त होता: “मग अण्णा मेलेच म्हणायचे. त्यानं जाऊन केलं काय?”

उत्तर खर्ड्यातच होतं. देह मिळाला नव्हता.

भाऊ माणसं बोलवायला धावले आणि पाणी येईपर्यंत मध्ये थोडा वेळ गेला. त्या वेळात चौतिशीचा धाकटा पेवापाशी पोचतो, तोंडाला ओला पंचा बांधून नव्हे (मूळ खर्ड्यात तसं होतं, ओल्या पंचानं कर्बवायू अडत नाही), तर दोराला फास करून, वरूनच, अण्णांच्या काखेत अडकवून. अण्णा वर येतात, जिवंत. पण प्राणवायूवाचून मेंदू राहिला की जे व्हायचं ते झालेलं. नाव आठवत नाही, गाव आठवत नाही. घडलेल्या इतिहासाला कुठं धक्का नाही. गावाच्या लेखी अण्णा गेलेच. धाकटा त्यांना वाईला नेतो, कृष्णेच्याच काठी, वरच्या अंगाला, आणि सहा वर्षं सांभाळतो. घरी कळवू शकत नाही, कारण कळलं तर बावीस वर्षांचा धाकटा पुढं कधी पेवात उतरणारच नाही. “वाऱ्यानं” म्हणणारा पोरगा आपल्याला न ओळखणाऱ्या बापाला रोज आंघोळ घालतो. २०११ मध्ये अण्णा जातात. उरलेली पाच वर्षं तो एकटा काढतो.

त्याआधीचे अकरा महिनेही लेखकानं आता लिहिलेत, आधी ते दोन ओळींत उरकले होते. मार्केट यार्डात तो अण्णांना रोज लांबून बघतो. एकदा धीर करून, अनोळखी हमाल म्हणून सांगतो, मालक, पेव उघडलं की दिवसभर मोकळं सोडत जावा. अण्णा वर बघतात: “मला शिकवायलास व्हय?”

आत्याचा प्रश्न

इथपर्यंत आम्ही दोघं खूश होतो. मग लेखकाच्या आत्यानं खर्डा वाचला. त्यांनी जादूबद्दल काही विचारलं नाही. “त्या बहिणीचं काय केलंस रे?” एवढंच विचारलं.

बहीण खर्ड्यात तीनदा येते. लग्न होऊन जाते, बापाच्या दिवसांना येते, २००६ मध्ये हक्कसोडपत्रावर अंगठा देते. पुढं नाही. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ती अशीच येते आणि जाते, त्यामुळं आम्हा दोघांना ते खटकलं नव्हतं. माझ्या एका वकील मित्रापुढं मी कुटुंबाची मांडणी ठेवली. त्यानं कागदावर केलेला हिशेब इथं देतो, कारण कथेचा उत्तरार्ध त्यानं बदलला.

अण्णा ऑगस्ट २००५ च्या आत गेले असं धरलं तर वडिलोपार्जित नऊ एकरांत मानीव वाटणी (प्रत्यक्ष न झालेली, पण कायदा झाली असं धरतो ती) अण्णा आणि दोन मुलगे यांच्यात: प्रत्येकी तीन एकर. मग अण्णांचे तीन एकर तीन मुलांत: एकेक एकर. म्हणजे भावांना चार-चार, बहिणीला एक. (महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं वाटेकरी, केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना नाही; हिचं १९९२ चं.) तो एक एकरही तिनं हक्कसोडानं भावांना दिला, म्हणजे भावांकडं साडेचार-साडेचार.

हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती लागू झाली ९ सप्टेंबर २००५ ला. मुलगीही जन्मानं सहदायाद. आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१५ मध्ये म्हटलं की त्या तारखेला बाप हयात हवा. कादंबरीतले अण्णा हयात होते. वाईच्या एका दवाखान्यात, त्या तारखेनंतर. म्हणजे वाटणी समान: तिघांना तीन-तीन एकर.

बाप वाचवला याची किंमत प्रत्येक भावाला दीड एकर.

पुढं ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही अट काढून टाकली. बाप त्या दिवशी हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मानंच. त्यामुळं कादंबरीचा वर्तमान २०२० नंतरचा असता तर ही गाठ सैल पडली असती. गुरूनं आम्हाला २०१६ ला आणून ठेवलं होतं ते इथं पुन्हा कामी आलं. आकाश आणि न्यायालय एकाच वर्षावर बोट ठेवतील असं कुणी ठरवून जुळवलं नव्हतं. हक्कसोडपत्राचं काय, असं विचारल्यावर मित्र हसला. वस्तुस्थितीच वेगळी होती म्हणून ते आव्हान देण्याजोगं आहे म्हणाला, “पण चालेल दहा वर्षं.”

आता शेहेचाळिशीच्या धाकट्याच्या पिशवीत एक कागद आहे: जानेवारी २००६ चं दवाखान्याचं केसपेपर, त्यावर अण्णांचा अंगठा. तो थोरल्याला दाखवला तर बाप सहा वर्षं जगला हे कळेल आणि बारा वर्षांचं ओझं उतरेल. त्याच कागदानं दीड-दीड एकरही जाईल. पहिल्या दुरुस्त खर्ड्यात तो कागद भावाला देतो आणि दोघं रडतात. तिसऱ्यात तो आईच्या विकलेल्या पाटल्यांची कबुली द्यायला बहिणीकडं जातो (पाटल्या तिला मिळायच्या होत्या) आणि कागद तिच्याच हातात ठेवतो. ती वाचते. जमिनीबद्दल अवाक्षर नाही. “सहा वर्षं जेवायला काय घालत होतास त्यांना?” असं विचारते, आणि मग तासभर त्याच्याकडून सगळं वदवून घेते: भाकरी चावता यायची का, पायाला सूज होती का, शेवटी कुणाचं नाव घेतलं का.

जे मिटलं नाही

पानं आता तीनशेच्या आत आली आहेत. काही गोष्टी माझ्या मते अजून लंगड्या आहेत. वाईत सहा वर्षं सांगलीच्या कुणाचीच अण्णांशी गाठ पडू नये, हे पटत नाही. हळदीचा व्यापारी, ओळखी फार. लेखकानं त्यांना दाढी वाढवायला लावली आहे, आणि मी ते हसून सोडून दिलं आहे. पुण्यातल्या तरुण धाकट्याला जुन्या बंद पेवाची आठवण २०१६ मध्येच का यावी, याचं उत्तरही पुरेसं नाही. सध्याच्या खर्ड्यात त्याला एक निनावी पत्र येतं आणि अक्षर त्याचंच असतं. कल्पना चांगली, पण सगळं चक्र एवढ्या एका पत्रावर टांगलेलं राहतं.

मोठा वाद शेवटच्या पानाचा आहे. लेखकाला कादंबरी फेरफार नोंदीनं संपवायची आहे: गाव नमुना सहा, तलाठ्याच्या भाषेत, तीन नावं, तीन-तीन एकर, बाकी काही नाही. मला वाटतं बहिणीचे प्रश्न संपतात तिथं थांबावं, कारण वडील अकरा वर्षांपूर्वी गेले असं सगळं गाव सांगत असताना ही नोंद तलाठी कुठल्या आधारावर घेणार, आणि तो धाकटा वयाचा दाखला कुठला जोडणार, हे वाचक विचारेलच. लेखक म्हणतो, “सर, बारा वर्षं मागं गेलेला माणूस वाचकाला चालतोय, तलाठी चालणार नाही?” मी म्हटलं, सांगलीच्या वाचकाला नाही चालणार. छपाईला जाणाऱ्या प्रतीत सध्या फेरफाराचं पान आहे, आणि मुद्रितं येईपर्यंत माझं भांडण चालू राहील.